सोलापुरातील संगणक-भाषांचे अध्यापन आणि सेवायोजकांची मागणी

महाविद्यालयांत शिकविल्या जाणाऱ्या संगणक-भाषा आणि सेवायोजकांच्या कार्यालयांत प्रत्यक्ष वापरात असलेल्या भाषा ह्यांचा मेळ बसत नाही, ही तक्रार महाराष्ट्रात गेली तीन दशके तरी सातत्याने ऐकू येत आहे. तिचे रूढ स्पष्टीकरण सर्वांच्या परिचयाचे आहे. बाजार पुढे धावतो, अभ्यास मंडळे त्याच्या मागून संथपणे चालतात आणि ह्या दोहोंमधील अंतर विद्यार्थ्याला भरून काढावे लागते, असे ते स्पष्टीकरण होय. ते सोपे आहे आणि त्यात सत्याचा अंशही आहे. परंतु सोलापूरच्या दृष्टीने ह्या इतिहासाकडे पाहिले असता ते अपुरे ठरते. येथील महाविद्यालयांनी कोणती भाषा शिकवावी ह्याचा निर्णय गावातील उद्योगाने केला नाही. आणि बारकाईने पाहता पुण्या-मुंबईच्या कंपन्यांनीही तो केलेला दिसत नाही. तो कसा होत गेला आणि त्याची किंमत कोणी मोजली, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

सोलापूरचा विचार करताना मागाचा उल्लेख टाळता येत नाही, आणि येथे तो केवळ स्थानिक अभिमानापोटी करावयाचा नाही. १८७७ मध्ये सुरू झालेली 'जुनी गिरणी', तिच्यामागून आलेल्या इतर गिरण्या आणि ह्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्यावर यंत्रमागांवर टिकून राहिलेला चादरी-टॉवेलांचा धंदा ह्यांवर ह्या शहराचे पोट चालत आले. सोलापुरी चादरीवरील नक्षी जॅकार्ड यंत्रणेने विणली जाते. फ्रान्समधील लियों येथील जोसेफ मारी जॅकार्ड ह्याने १८०४ च्या सुमारास सिद्ध केलेल्या ह्या यंत्रणेत नक्षी ही पुठ्ठ्यांवरील छिद्रांच्या रूपाने लिहिलेली असते. छिद्र असेल तेथे ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तेथे तो खाली राहतो. पुठ्ठ्यांची माळ बदलली की तोच माग दुसरी नक्षी विणू लागतो. चार्ल्स बॅबेजने आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी हीच कल्पना उचलली. हर्मन होलेरिथने १८९० च्या अमेरिकन जनगणनेसाठी छिद्रपत्रे वापरली. आणि पुढे फोर्ट्रान व कोबॉल ह्या भाषांतील आज्ञावल्या अशाच छिद्रपत्रांवर लिहिल्या गेल्या. यंत्राला आज्ञा देण्याची एक लिपी सोलापूरच्या कारागिरांना विद्यापीठाच्या कितीतरी आधी अवगत होती, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

तथापि ह्या साम्यापेक्षा त्यातील भेद अधिक महत्त्वाचा आहे. मागाच्या धंद्यात यंत्र, ते शिकविणारा जाणता कारागीर आणि मजुरी देणारा मालक हे तिघे एकाच छपराखाली असतात. नवी यंत्रणा आली की तिचे शिक्षण तेथेच, कामाच्या ओघात होते. जे उपयोगाचे नाही ते आपोआप विसरले जाते. संगणक-भाषांच्या बाबतीत हे तिघे प्रारंभापासून वेगवेगळ्या गावी राहिले. यंत्र मुंबईला, अभ्यासक्रम कोल्हापूरला, सेवायोजक पुण्याला आणि विद्यार्थी सोलापूरला, अशी ही वाटणी होती. महाविद्यालय व बाजार ह्यांच्यातील अंतर मोजताना ह्या भौगोलिक अंतराकडे सहसा दुर्लक्ष होते.

महाराष्ट्रातील संगणकाचा इतिहास मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सुरू होतो. तेथे बांधलेला 'टिफ्रॅक' हा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. त्याला आज्ञा द्यावयाच्या त्या यंत्राच्याच अंकभाषेत. १९६४ मध्ये त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हा मोठा अमेरिकन संगणक आला आणि त्याच्याबरोबर फोर्ट्रान ही भाषा शास्त्रज्ञांच्या नित्य वापरात आली. व्यापारी क्षेत्रात १९६१ मध्येच एस्सो कंपनीच्या मुंबई कार्यालयात आयबीएम १४०१ हे यंत्र बसले होते. ह्या काळात जगभर जी विभागणी रूढ झाली, तीच येथेही आली : गणित व अभियांत्रिकी ह्यांसाठी १९५७ ची फोर्ट्रान, हिशेब व कारभार ह्यांसाठी १९६० ची कोबॉल. कानपूरच्या तंत्रज्ञान संस्थेतील प्राध्यापक व्ही. राजारामन ह्यांचे आज्ञावलीच्या मूलतत्त्वांवरील पाठ्यपुस्तक १९६९ मध्ये निघाले आणि अल्प किमतीमुळे देशभर पोचले. अनेक विद्यार्थ्यांनी यंत्र पाहण्यापूर्वी ही विद्या पुस्तकातून वाचली. सोलापूरची महाविद्यालये १९४९ पासून पुणे विद्यापीठाशी आणि १९६२ पासून कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न होती. संगणकाची मालकी त्या काळी मोजक्याच संस्थांकडे होती, आणि कामगार संघटनांचा विरोध इतका तीव्र होता की केंद्र सरकारला वि. म. दांडेकर ह्यांच्या अध्यक्षतेखाली स्वयंचलितीकरणाविषयी समिती नेमावी लागली. तिचा अहवाल १९७२ मध्ये आला. शिक्षण व बाजार ह्यांच्यात मेळ नसण्याचा प्रश्न तेव्हा संभवतच नव्हता, कारण शिक्षणच नव्हते.

तो प्रश्न १९८३-८४ नंतर उभा राहिला. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना राज्य शासनाने विनाअनुदान तत्त्वावर खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. त्याच वर्षी सोलापुरात श्री ऐल्लक पन्नालाल दिगंबर जैन पाठशाळेने वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ही संस्था काढली. १९८४ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारचे नवे संगणक-धोरण जाहीर होऊन आयातीवरील निर्बंध सैल झाले. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या रंगराजन समितीने त्याच वर्षी बँकांच्या यांत्रिकीकरणाची वाट मोकळी केली. व्यक्तिगत वापराचा छोटा संगणक आता जिल्ह्याच्या गावापर्यंत येऊ शकत होता.

ह्या लहान यंत्रांवर प्रत्यक्षात कोणत्या भाषेत काम होत असे? दुकाने, पतसंस्था, सहकारी संस्था आणि कारखाने ह्यांच्या खातेवह्या, पगारपत्रके व साठ्याच्या नोंदी ह्यांसाठी भारतातील लहानमोठ्या गावांत डीबेस आणि तिच्यामागून आलेली फॉक्सप्रो ह्यांचा अंमल होता. ह्या भाषा जाणणारा एखादा तरुण गावातच राहून चार ठिकाणची कामे करू शकत असे. स्थानिक गरज आणि शिकण्याजोगी भाषा ह्यांचा योग जुळून येण्याचा असा काळ सोलापूरसारख्या गावांच्या वाट्याला एवढा एकच आला, असे म्हणावे लागते. विद्यापीठीय अभियांत्रिकीत मात्र ह्या भाषांना फारसे स्थान नव्हते. त्या शिकविल्या त्या एनआयआयटी, ॲपटेक आणि त्यांच्या धर्तीवर निघालेल्या खाजगी वर्गांनी. पदवीच्या अभ्यासात बेसिक, फोर्ट्रान, पास्कल आणि लवकरच सी ह्यांचा क्रम होता. डीबेस ही 'कारकुनी' भाषा आणि पास्कल ही 'शास्त्रीय' भाषा, हा जो प्रतिष्ठेचा भेद तेव्हा रूढ झाला, त्याचे फळ दोन्ही पक्षांना मिळाले. डीबेस शिकलेल्याला रचनेची शिस्त लाभली नाही, आणि पास्कल शिकलेल्याला तिच्यात काम देणारा कोणी भेटला नाही.

हा योग फार काळ टिकला नाही. हिशेबासाठी टॅलीसारख्या तयार आज्ञावल्या आल्या. सहकारी बँकांनी पुढे संपूर्ण बँक-व्यवहाराची प्रणाली बाहेरच्या कंपन्यांकडून विकत घेतली. विद्युत-नियंत्रित जॅकार्ड आले तेव्हा त्यांबरोबर नक्षी काढण्याची तयार आज्ञावलीही आली. स्थानिक उद्योग संगणकाचा वापर पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक करू लागला आणि त्याच वेळी आज्ञावली लिहिणाऱ्याचा सेवायोजक मात्र राहिला नाही. ही घटना सोलापूरपुरती मर्यादित नाही. परंतु ज्या शहरात मोठा संगणक-व्यवसाय नव्हता तेथे तिचा परिणाम अधिक जाणवला. आज्ञावलीची भाषा शिकणे म्हणजे गाव सोडण्याची तयारी करणे, असे समीकरण येथे रूढ झाले.

ह्याच सुमारास सी ह्या भाषेने महाविद्यालयांत जे ठाण मांडले, त्याचा विचार थोडा विस्ताराने करणे इष्ट आहे. डेनिस रिची ह्यांनी बेल प्रयोगशाळेत १९७२ च्या सुमारास ही भाषा रचली ती युनिक्स ही कार्यप्रणाली लिहिण्यासाठी, नवशिक्यांसाठी नव्हे. पास्कल मात्र निक्लाउस वीर्थ ह्यांनी मुद्दाम अध्यापनासाठी रचली होती. तरीही १९९० च्या दशकात महाराष्ट्रातील महाविद्यालयांत पास्कलला हटवून सी प्रथम भाषेच्या आसनावर बसली. ह्याविषयी त्या वेळीच आक्षेप निघाला होता, आणि तो बाहेरून नव्हे तर महाराष्ट्रातूनच. पुणे विद्यापीठातील एका अध्यापकाने १९९१ मध्ये एसीएम ह्या अमेरिकन संस्थेच्या संगणक-शिक्षणविषयक पत्रिकेत सी ही शिक्षणाचे माध्यम म्हणून अयोग्य आहे, असा सविस्तर युक्तिवाद केला. त्या युक्तिवादाला अभ्यास मंडळांनी खोडून काढले असे दिसत नाही. तो नुसता बाजूला राहिला.

सीच्या विजयाची कारणे भाषेच्या गुणांत शोधण्यापेक्षा तिच्या साधनांत शोधणे अधिक योग्य. पहिले साधन पुस्तकाचे. नागपूरचे यशवंत कानेटकर ह्यांचे 'लेट अस सी' हे पुस्तक सोप्या इंग्रजीत, छोट्या उदाहरणांनी आणि परवडणाऱ्या किमतीत हा विषय समजावून देत होते. इंग्रजी माध्यमाची सवय नसलेल्या, घरी मराठी, कानडी, तेलुगू वा उर्दू बोलणाऱ्या सोलापूरच्या विद्यार्थ्याला असे पुस्तक हाती असणे ही सामान्य गोष्ट नव्हती. दुसरे साधन बोर्लंड कंपनीच्या 'टर्बो सी'चे. १९९० च्या आसपासची ही आज्ञावली अत्यल्प स्मृतीच्या संगणकावर चालत असे, लिहिणे, तपासणे व चालविणे एकाच निळ्या पडद्यावर होत असे, आणि तिची प्रत एका चकतीवरून दुसरीवर सहज उतरविता येत असे. मर्यादित निधीत प्रयोगशाळा चालविणाऱ्या महाविद्यालयाला ह्याहून सोयीचे काही मिळणे कठीण होते.

परंतु हे सोयीचे साधन पुढे स्वतःच अभ्यासक्रम होऊन बसले. सी भाषेचे अधिकृत प्रमाणीकरण १९८९ मध्ये आणि सी प्लस प्लसचे १९९८ मध्ये झाले. मूळ कार्य 'व्हॉइड' म्हणून घोषित करण्याची, पडदा पुसण्यासाठी 'क्लरस्क्र' आणि तो थांबविण्यासाठी 'गेटच' वापरण्याची रीत ह्या प्रमाणांत बसत नव्हती, तरी ती वर्षानुवर्षे शिकविली गेली. टर्बो सीमध्ये पूर्णांक दोन बाइटांचा, म्हणून त्याची कमाल मर्यादा ३२७६७. सेवायोजकांच्या यंत्रांवर तो चार बाइटांचा झाल्यानंतरही उत्तरपत्रिकेत दोन बाइट लिहिणाऱ्यास पूर्ण गुण मिळत राहिले. पुढे ६४ बिटांच्या विंडोज प्रणालीवर ही जुनी आज्ञावली चालेना, तेव्हा ती बदलण्याऐवजी जुन्या डॉस प्रणालीचा भास निर्माण करणारी दुसरी आज्ञावली बसवून तिच्या पोटात टर्बो सी चालविण्यात आले. भाषा जुनी झाली म्हणून येथे दोष देता येत नाही. सी आजही यंत्रनियंत्रणाच्या क्षेत्रात आणि कार्यप्रणालींच्या गाभ्यात जिवंत आहे. जुनी झाली ती तिची एक विशिष्ट आवृत्ती, आणि शिकविली गेली ती भाषा नव्हे तर ती आवृत्ती. सेवायोजक व महाविद्यालय दोघेही 'सी' हेच नाव घेत असताना दोघांच्या मनातील वस्तू भिन्न होत्या.

ह्या दीर्घ स्थैर्याच्या उलट उदाहरण कोबॉलचे आहे. ही भाषा विद्यार्थ्यांना नीरस वाटत असे. परंतु १९९८-९९ मध्ये संगणकांतील दोन अंकी वर्षांचा, म्हणजे 'वाय-टू-के'चा प्रश्न उभा राहताच पाश्चात्त्य बँकांच्या व विमा कंपन्यांच्या जुन्या कोबॉल आज्ञावल्या तपासण्यासाठी भारतीय कंपन्यांना एकाएकी माणसे हवी झाली. खाजगी वर्गांनी काही महिन्यांच्या कोबॉल-शिक्षणाची दुकाने मांडली. २००० साल उलटले, आणि २००१ मध्ये अमेरिकन बाजारातील मंदी आली. ज्यांनी कर्ज काढून नेमके बाजाराला हवे ते शिकून घेतले होते, त्यांतील अनेकांची विद्या वर्षभरात निरुपयोगी ठरली. बाजाराच्या मागणीनुसार अभ्यासक्रम असावा, ह्या मागणीचा विचार करताना हा अनुभव विसरता कामा नये. त्या दोन वर्षांत विद्यापीठे जर खरोखरच बाजाराइतक्या वेगाने धावली असती, तर २००२ च्या पदवीधराची स्थिती अधिकच बिकट झाली असती.

सोलापूरचा सेवायोजक ह्या काळात निश्चितपणे पुण्याला गेला होता. पुण्यात १९८१ मध्ये टाटा संशोधन विकास व संकल्पन केंद्र आणि इन्फोसिस, १९८८ मध्ये सी-डॅक, १९९० मध्ये पर्सिस्टंट सिस्टिम्स अशा संस्था निघाल्या (पैकी इन्फोसिस दोनच वर्षांत बंगलोरला गेली). पुढे हिंजवडीच्या माळावर संगणक-व्यवसायाची वसाहतच उभी राहिली. सुमारे अडीचशे किलोमीटरांचे हे अंतर 'हुतात्मा एक्सप्रेस'ने चार-साडेचार तासांत कापता येते. १९३१ मध्ये फाशी गेलेल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांचे नाव धारण करणाऱ्या ह्या गाडीतून मुलाखतीला, परीक्षेला आणि अखेर कायमच्या वास्तव्याला जाणाऱ्या तरुणांची पिढी घडली.

पुण्यात पोचलेल्या ह्या पदवीधराला कंपन्या काय विचारीत होत्या, हे पाहिले म्हणजे रूढ स्पष्टीकरणाचा दुबळेपणा ध्यानात येतो. मोठ्या कंपन्या नवख्याची निवड करताना विशिष्ट भाषेच्या ज्ञानावर भर देत नव्हत्या. त्या स्थापत्य व यंत्र अभियांत्रिकीचे विद्यार्थीही घेत, निवडीसाठी गणिती व तर्काच्या चाचण्या लावीत आणि निवडीनंतर स्वतःच्या प्रशिक्षण केंद्रांत काही महिने शिकवीत. जावा, डॉट नेट की कोबॉलची जुनी मोठी यंत्रे, हे प्रशिक्षणार्थीच्या पूर्वज्ञानावरून नव्हे तर हाती असलेल्या कामावरून ठरे. टीसीएसने २०१८ मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय पात्रता चाचणीतही आज्ञावली लिहिताना उमेदवाराला अनेक भाषांतून एक निवडण्याची मुभा आहे. ह्याउलट लहान व मध्यम कंपन्यांना प्रशिक्षणाचा खर्च झेपत नाही. त्यांना पहिल्या दिवसापासून काम करणारा माणूस हवा असतो, आणि तो अमुक भाषेतील अमुक साधनासह हवा असतो. म्हणजे 'सेवायोजकांची मागणी' ही एकच वस्तू नव्हती. मोठ्यांची मागणी अशी होती की तिला कोणतीही भाषा चालली असती; लहानांची अशी होती की चार वर्षांचा कोणताही अभ्यासक्रम ती पुरवू शकला नसता.

मोठ्या कंपन्यांच्या निवडीतून सुटलेल्याची सोय दुसऱ्या रीतीने झाली. सी-डॅकने पुण्यात १९९३ मध्ये प्रगत संगणन प्रशिक्षण विद्यालय काढले. तेथील सुमारे सहा महिन्यांचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम, ज्याला विद्यार्थी 'डॅक' म्हणतात, जावा, डॉट नेट, माहितीकोश व महाजालावरील आज्ञावल्या ह्यांचे सलग शिक्षण देतो. त्याशिवाय पुण्यातील पेठांपासून उपनगरांपर्यंत खाजगी वर्ग पसरले. चार वर्षांचे शुल्क भरून झालेल्या विद्यार्थ्याने पुन्हा शुल्क भरावयाचे, पुण्यात खोली घ्यावयाची, खानावळ लावावयाची आणि ह्या काळात घरी पैसे पाठविण्याऐवजी घरून मागवावयाचे. पुण्यातच घर असलेल्या विद्यार्थ्याला ह्यातील बराचसा खर्च नाही. दोघांची पदवी सारखी असली तरी एकाच अंतराची किंमत दोघांना सारखी पडत नाही. सोलापूरच्या बाबतीत हा प्रश्न अध्यापनशास्त्राचा राहत नाही, तो घरखर्चाचा होतो.

अभ्यासक्रम बाजाराच्या मागे धावला तेव्हा काय घडले, ह्याचीही उदाहरणे आहेत. व्हिज्युअल बेसिक १९९१ मध्ये आली आणि खिडक्या-बटणांच्या आज्ञावल्या झटपट बांधण्याची सोय म्हणून लोकप्रिय झाली. अभ्यासक्रमांनी तिला पुढे जागा दिली. तिच्या सहाव्या आवृत्तीचा पाठिंबा मायक्रोसॉफ्टने २००८ मध्ये थांबविला. फॉक्सप्रोची पुढील आवृत्ती निघणार नाही, हे २००७ मध्ये जाहीर झाले. सर्वांत उद्बोधक उदाहरण जावातील 'ॲपलेट'चे. महाजालाच्या पानावर चालणारी ही छोटी आज्ञावली १९९५ मध्ये जावाचे मुख्य आकर्षण होती. क्रोम ह्या न्याहाळकाने २०१५ मध्ये तिला दार बंद केले. २०१७ मध्ये खुद्द जावाने तिला कालबाह्य ठरविले आणि २०१८ च्या आवृत्तीतून ती तपासून पाहण्याचे साधनही काढून टाकले. महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाचा २०१७ चा 'आय' आराखडा, जो सोलापूरसह राज्यभरच्या तंत्रनिकेतनांना लागू होता, त्यातील जावाच्या विषयात ॲपलेट व चित्रांकनाला एक संपूर्ण घटक होता. जे साधन बाजाराची नवलाई म्हणून अभ्यासक्रमात शिरले, ते बाजाराने टाकल्यावरही तेथेच राहिले. अभ्यासक्रमात प्रवेश मिळणे कठीण असते, पण तेथून बाहेर पडणे त्याहून कठीण.

त्याच आराखड्यातील भाषांचा क्रम पाहण्यासारखा आहे. दुसऱ्या सत्रात सी, तिसऱ्यात सी प्लस प्लस, चौथ्यात जावा, पाचव्यात प्रगत जावा व जावास्क्रिप्ट, आणि अखेरच्या सहाव्या सत्रात पायथन. हा क्रम सोप्याकडून कठीणाकडे जाणारा नाही, कारण पायथन ह्या सर्वांत सोपी आहे. तो भाषांच्या जन्माचाही नाही, कारण पायथन १९९१ ची आणि जावा १९९५ ची. ज्या क्रमाने ह्या भाषा महाराष्ट्राच्या अभ्यासक्रमांत आल्या, तो हा क्रम आहे. जमिनीच्या थरांप्रमाणे नवी भाषा जुनीवर येऊन बसली. खालचा थर कोणी खणून काढला नाही. उच्च माध्यमिक स्तरावरही हेच दिसते. बारावीच्या संगणकशास्त्रात इंटेलच्या १९७६ च्या ८०८५ ह्या प्रक्रियकाची जुळणी-भाषा विद्यार्थ्यांनी नव्या शतकातही पाठ केली.

आता निर्णय कोण करतो, ह्या प्रश्नाकडे पुन्हा वळता येईल. त्याची कसोटी सुदैवाने उपलब्ध आहे. २०१९ मध्ये पुणे व मुंबई ह्या दोन्ही विद्यापीठांनी अभियांत्रिकीचे प्रथम वर्ष नव्याने आखले. दोन्ही विद्यापीठांचे पदवीधर बहुतांशी त्याच कंपन्यांत, त्याच चाचण्यांतून जातात. असे असता पुण्याने प्रथम वर्षासाठी पायथन घेतली आणि मुंबईने सी ठेवली. सेवायोजकांची मागणी जर निर्णायक असती, तर एकाच मागणीतून दोन भिन्न निर्णय निघाले नसते. पुण्याचे आराखडे २००३, २००८, २०१२, २०१५, २०१९ आणि २०२४ असे तीन ते पाच वर्षांच्या अंतराने बदलले आहेत. तेव्हा मंदगतीचा आरोपही सर्वस्वी लागू पडत नाही. शिवाय २०२४ च्या आराखड्यात पुण्याने सी प्रथम वर्षात परत आणली आणि पायथन तिच्यापुढच्या सत्रात ठेवली. ह्या पाच वर्षांत सेवायोजकांनी पायथनकडे पाठ फिरविली होती असे कोणी म्हणणार नाही. उलट कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कामामुळे तिची मागणी वाढतच होती. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या २०१८ च्या नमुना अभ्यासक्रमात प्रथम वर्षासाठी सी होती. राष्ट्रीय इलेक्ट्रॉनिकी संस्थेने आपल्या 'ओ' स्तराच्या पाचव्या आवृत्तीत सीच्या जागी पायथन आणली, आणि केंद्रीय माध्यमिक मंडळाने त्याच सुमारास सी प्लस प्लस सोडून पायथन स्वीकारली. एकाच देशात, एकाच दशकात, एकाच बाजारासमोर हे निर्णय परस्परविरुद्ध दिशांना गेले आहेत. उपलब्ध अध्यापकाला काय येते, आधीच्या व नंतरच्या विषयांना काय लागते आणि परीक्षा कशी घ्यावयाची आहे, ह्या अंतर्गत गोष्टींनीच ते ठरले, असे अनुमान काढल्यावाचून गत्यंतर नाही.

सोलापूरला स्वतःचे विद्यापीठ २००४ च्या ऑगस्टमध्ये मिळाले. एका जिल्ह्यापुरते असलेले हे विद्यापीठ २०१९ पासून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर ह्यांचे नाव धारण करते. केगाव येथील त्याच्या आवारात संगणनशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. अभ्यासक्रम आता कोल्हापूरहून येत नाही. ज्या चार ठिकाणी हा व्यवहार विखुरला होता त्यांतील एक तरी ठिकाण ह्या घटनेने सोलापुरात आले, हे महत्त्वाचे आहे. परंतु लहान विद्यापीठावर दुसरे एक बंधन येते. त्याचा अभ्यासक्रम पुण्या-मुंबईहून फार वेगळा असला तर त्याचाच पदवीधर मुलाखतीत संशयास्पद ठरतो. म्हणून मोठ्या विद्यापीठांना जो प्रयोग परवडतो तो त्याला परवडतोच असे नाही.

अंतर्गत कारणांपैकी परीक्षेचा विचार आजवर फारच थोडा झाला आहे. संगणक-भाषेची परीक्षा महाराष्ट्रात मुख्यतः कागदावर होत आली. आज्ञावली यंत्रावर चालते की नाही ह्यापेक्षा ती उत्तरपत्रिकेत ओळखू येते की नाही, ह्यावर गुण अवलंबून राहिले. ह्या पद्धतीला सी विलक्षण मानवली. 'पुढील आज्ञावलीचे फल काय?' असा दोन गुणांचा प्रश्न तिच्या चिन्हांतून हवा तितका कूट करता येतो. महिरपी कंसांमुळे रचना कागदावरही स्पष्ट दिसते. आणि तीस वर्षांच्या प्रश्नपत्रिकांचा साठा परीक्षकाच्या हाताशी असतो. पायथनचे तसे नाही. तिच्यात रचना कंसांनी नव्हे तर ओळीच्या प्रारंभी सोडलेल्या मोकळ्या जागेने ठरते. एक ओळ किंचित डावीकडे सरकली की तिचा अर्थ बदलतो. यंत्राच्या पडद्यावर ही जागा मोजलेली असते. तीन तासांच्या परीक्षेत, रेघांच्या उत्तरपत्रिकेवर, घाईने लिहिणाऱ्या विद्यार्थ्याची ओळ नेमकी कोठून सुरू झाली, हे आता परीक्षकाला डोळ्यांनी ठरवावे लागते.